काडतुसाचे पुनर्भरण आणि शस्त्रनियंत्रण : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

शस्त्रांच्या इतिहासलेखनात तलवार, तोफ व बंदूक यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे दारूगोळ्याला मिळाले नाही. शस्त्र टिकते, दारूगोळा खर्च होतो; त्यामुळे संग्रहालयात पहिले दिसते, दुसरा सहसा दिसत नाही. तथापि शस्त्र कोणाच्या हाती आहे यापेक्षा त्याची रसद कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न सत्तेच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरतो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार कोल्हापूर व त्यालगतच्या प्रदेशाच्या संदर्भात केला आहे.

ठासणीचे युग

तोड्याच्या व ठासणीच्या बंदुकीला तयार काडतुसाची गरज नव्हती. सोरा, गंधक व कोळसा यांपासून केलेली दारू, शिशाची ओतीव गोळी आणि ठासणीचा गज एवढ्यावर काम भागे. ही सामग्री व तिचे ज्ञान स्थानिक होते. १८४४ साली सामानगड, भुदरगड येथील गडकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा त्यांच्या प्रतिकारामागे गडांच्या तटबंदीइतकेच हे स्वावलंबनही उभे होते, असे म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आलेले कोल्ट व अ‍ॅडम्स बनावटीचे रिव्हॉल्व्हरही याच पद्धतीचे होते. दंडगोलातील प्रत्येक घरात दारू व गोळी भरून मागील बाजूस स्फोटक टोपी बसवावी लागे. परंतु ही टोपी रासायनिक कारखान्यातून येई. परावलंबनाचा प्रारंभ येथेच झाला.

१८५७ आणि निःशस्त्रीकरण

एन्फिल्ड बंदुकीच्या चरबीयुक्त कागदी काडतुसाने निर्माण केलेला अविश्वास सुपरिचित आहे. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या मुंबई देशी पायदळ पलटणीतील शिपायांनी उठाव केला. त्याचे कारण केवळ काडतूस होते असे मानणे एकांगी ठरेल; मात्र बाहेरून येणाऱ्या, आतील घटक अज्ञात असलेल्या वस्तूविषयीचा संशय त्या काळाच्या मनोवृत्तीचा भाग होता. डिसेंबर १८५७ मध्ये शहरात पुन्हा उठाव झाला व कर्नल ले ग्रँड जेकब यांनी तो मोडून काढला. चिमासाहेबांना पुढे कराचीस पाठविण्यात आले.

याच सुमारास दक्षिण महाराष्ट्र प्रदेशात शस्त्रे काढून घेण्याचे धोरण अमलात आले. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यास सशस्त्र विरोध केला. नरगुंदच्या बाबासाहेब भावे यांच्या १८५८ मधील उठावामागील असंतोषातही या धोरणाचा वाटा होता. शस्त्र हे या समाजांच्या दृष्टीने उपजीविकेचे व प्रतिष्ठेचे साधन होते.

पितळी पुंगळी

१८६६ नंतर बॉक्सर पद्धतीच्या काडतुसाने दारू, गोळी व स्फोटक टोपी एकाच कवचात आणली. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. रिकामी पुंगळी तत्त्वतः पुन्हा भरता येते. तथापि त्यासाठी लागणारी टोपी, साचे व अचूक मापे सामान्य कारागिराच्या आवाक्यापलीकडची होती. १८८९ नंतरच्या धूररहित कॉर्डाइटमुळे दाबाचे गणितही बदलले. काळ्या दारूसाठी घडविलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरला ती धोकादायक ठरू शकते. अशा रीतीने शस्त्र घरात राहूनही त्याची शक्ती कारखान्याकडे गेली.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात या स्थित्यंतराला कायद्याची चौकट दिली. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्राबरोबर दारूगोळाही परवान्याच्या कक्षेत ठेवला, त्याच्या निर्मितीवर परवान्याचे बंधन घातले व काडतुसाच्या सुट्या भागांचाही व्याख्येत समावेश केला. पुरातन शस्त्राला मिळणारी सूट ते दुरुस्तीनेही चालू शकत नसेल तरच लागू होते.

निष्कर्ष

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रह पाहताना अभ्यासकाचे लक्ष नक्षीकामावर स्थिरावते. त्याबरोबरच दारूच्या शिंगड्या, गोळ्यांचे साचे व रिकाम्या पुंगळ्या यांचीही ऐतिहासिक साधने म्हणून नोंद व जतन होणे आवश्यक आहे. जुने रिव्हॉल्व्हर पुन्हा चालविणे हे इतिहासाचे कार्य नव्हे. ते चालविण्याची क्षमता एका समाजाच्या हातून केव्हा व कशी गेली, हे समजून घेणे हे मात्र निश्चितच इतिहासाचे कार्य आहे.