कट्ट्यावरच्या सोयींचा इतिहास

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची ‘प्लेटो’ ही संगणकप्रणाली शिकवण्यासाठी बांधलेली होती, गप्पांसाठी नव्हे. एका मोठ्या संगणकाला जोडलेल्या टर्मिनलांवर विद्यार्थी धडे गिरवत. प्रणालीत काही बिघाड आढळला तर तो कळवायला एक सामाईक फाइल होती. ही फाइल म्हणजे दाराशी टांगलेली उघडी वहीच. एका वेळी एकालाच तिच्यात लिहिता येई, लिहिणारा खाली सही करी किंवा न करी, आणि एखाद्या टवाळाच्या मनात आले की सगळी वही कोरी होई. १९७३ मध्ये डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याकडे या वहीची नीट व्यवस्था लावण्याचे काम आले.

वूलीने लिहिलेला ‘नोट्स’ हा प्रोग्राम त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. त्यात प्रत्येक तक्रारीला क्रमांक होता आणि लिहिणाऱ्याचे सदस्यनाम, तारीख व वेळ आपोआप उमटे. त्यामुळे दुसऱ्याच्या नावावर लिहिता येईना की दुसऱ्याचे लिखाण पुसता येईना. तक्रारीखाली कर्मचाऱ्याचे एखादे उत्तर पुरले असते, पण वूलीने ६३ प्रतिसादांपर्यंत जागा ठेवली. आज मराठी संकेतस्थळांवर ज्याला ‘धागा’ म्हणतात, त्याचा आराखडा येथे दिसतो: वर एक मूळ लेख, खाली क्रमाने प्रतिसाद, यादीत प्रत्येक विषयापुढे प्रतिसादांची संख्या. बिघाड कळवण्यासाठी केलेल्या जागेत लोक लवकरच इतर विषयांवर बोलू लागले. १९७६ च्या जानेवारीत कोणत्याही विषयाची स्वतंत्र वही उघडण्याची आणि ती कोणी वाचावी हे ठरवण्याची सोय झाली. गट, सभासद आणि प्रवेशबंदी या तिन्ही गोष्टी तेव्हापासूनच्या.

यापुढच्या कित्येक सोयी अशाच आल्या. आधी माणसांची गैरसोय झाली, त्यांनी जुजबी तोड काढली आणि यंत्राने ती मागाहून अंगीकारली. विनोद कोणता आणि गांभीर्य कोणते हे कळत नाही म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला. यूजनेट हे चर्चांचे जाळे १९८० मध्ये ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या शेजारच्या विद्यापीठांतून वाढले. परदेशात शिकायला गेलेल्या मराठी मंडळींचाही त्यावर स्वतंत्र गट होता. तेथे नकोशा लेखकाला हाकलणारा मालक कोणी नव्हता. म्हणून लॅरी वॉल यांच्या ‘आरएन’ या १९८४ च्या वाचन-प्रोग्राममध्ये ‘किल फाइल’ आली. तिच्यात नाव टाकले की त्या माणसाचे लिखाण आपल्यापुरते दिसेनासे होई. तो लिहीतच राही, बाकीचे वाचतच राहत. ब्लॉक आणि म्यूट या आजच्या बटणांचे हे पूर्वरूप.

गर्दी वाढल्यावर आपल्यापुरते कान झाकणे पुरेना. ‘स्लॅशडॉट’ या १९९७ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी संकेतस्थळाचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोधक आहे. संस्थापक रॉब माल्डा सुरुवातीला निरुपयोगी प्रतिसादांचा निचरा एकटेच करीत. ते झेपेनासे झाल्यावर त्यांनी २५ जणांना मदतीला घेतले, मग सुमारे ४०० जणांना. तेही अपुरे पडल्यावर ज्युरीसारखी पद्धत आली. नेहमीच्या वाचकांपैकी काहींना अधूनमधून पाच गुण वाटायला मिळत आणि ते तीन दिवसांत वापरले नाहीत तर बाद होत. ज्या चर्चेत आपण बोललो तिथे गुण देता येत नसत. प्रतिसादाची किंमत उणे १ ते ५ या पट्टीवर ठरे आणि वाचणारा आपल्या मर्जीने उंबरठा लावून खालचे प्रतिसाद झाकी. १९९९ मध्ये गुण देणाऱ्यांच्या निवाड्यावर पुन्हा इतरांनी मत देण्याची सोय झाली, म्हणजे पंचांवरही पंच बसवले.

या गुणांची सभासदाच्या खात्यावर जी शिल्लक साठे तिला स्लॅशडॉटने ‘कर्म’ हा शब्द घेतला. लोक ती शिल्लक व्हिडिओ गेममधल्या गुणांसारखी मोजू लागले, तेव्हा आकडा लपवून नुसते शेरे दाखवायला सुरुवात झाली. २०११ मध्ये निघालेल्या ‘ऐसी अक्षरे’ या मराठी संकेतस्थळाने श्रेणी देण्याची हीच पद्धत स्वीकारली. गुण देताना स्लॅशडॉटवर ‘उद्बोधक’ किंवा ‘विषयाला सोडून’ अशा अर्थाचे शेरे होते. येथे ‘मार्मिक’, ‘रोचक’, ‘माहितीपूर्ण’ यांच्या पंक्तीला ‘खवचट’, ‘पकाऊ’, ‘भडकाऊ’ आणि ‘कैच्याकै’ येऊन बसले. त्यातला ‘खवचट’ तर मराठी माणसाला शिवीपेक्षा प्रशस्तिपत्रच वाटावे असा. आणि ‘कर्मा’च्या जागी प्रतिसादाच्या माथ्यावर ‘पुण्य’ आले. संस्कृतातून इंग्रजीत गेलेली कल्पना परतताना नुसते कर्म न राहता त्याचे फळ होऊन आली.

मराठी कट्ट्यांची मुख्य अडचण मात्र गर्दीची नव्हती, लिपीची होती. १९९६ साली गणेशचतुर्थीला ‘मायबोली’ सुरू झाली तेव्हा देवनागरी मजकूर एका संगणकावर दिसे आणि दुसऱ्यावर त्याची चिन्हांची खिचडी होई, कारण ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. अक्षरांना सर्वत्र एकच संकेत देणाऱ्या युनिकोडचा आधार घरगुती संगणकांवर आल्यानंतर चित्र पालटले. २००४ मध्ये निघालेल्या ‘मनोगत’वर लिखाणाच्या चौकटीतच उच्चारानुसार रोमन कळा दाबून देवनागरी उमटवता येई, शिवाय मजकूर तपासायला शुद्धिचिकित्सक होता. टंकनाचा क्लास न केलेली, फॉन्टच्या वाटेला न जाणारी माणसे यामुळे लिहिती झाली. व्यक्तिगत निरोपाचे ‘व्यनि’ झाले, दुसऱ्याच्या पानावर चार ओळी खरडण्याच्या जागेला ‘खरडवही’ म्हटले गेले आणि खोट्या नावाने घेतलेल्या दुसऱ्या खात्याला ‘डुआयडी’. ही परिभाषा कोणत्याही समितीने घडवलेली नाही, तरी ती चालली.

दरम्यान मोठ्या कंपन्यांच्या व्यासपीठांवर सोयींचा रोख बदलला. फेसबुकने ५ सप्टेंबर २००६ रोजी ‘न्यूज फीड’ आणली. तोवर मित्राचे काय चालले आहे हे बघायला त्याच्या पानावर जावे लागे. आता त्याची प्रत्येक हालचाल न विचारता समोर येऊ लागली. दडवलेले असे काही उघड झाले नव्हते, पण जे शोधावे लागत होते ते हातात आयते पडू लागले, आणि तेवढ्याने लाखो विद्यार्थी निषेधाच्या गटात सामील झाले. काही दिवसांतच कंपनीने गोपनीयतेच्या नव्या सोयी दिल्या, फीड मात्र राहिली. २००९ च्या फेब्रुवारीत ‘लाइक’ आले आणि ‘छान’, ‘अभिनंदन’ असे शब्द लिहिण्याचेही श्रम वाचले.

ट्विटरवरचा बदल याहून खोल होता. विषयापुढे हॅश लावण्याची युक्ती ख्रिस मेसिना या वापरकर्त्याने २३ ऑगस्ट २००७ रोजी सुचवली आणि कंपनीने तिचा दुवा बनवला तो २००९ मध्ये. दुसऱ्याचे ट्वीट पुढे पाठवण्याची रीतही लोकांचीच. आधी ‘आरटी’ ही अक्षरे, मग मूळ लेखकाचे नाव, मग मजकूर, आणि हे सारे १४० अक्षरांत बसवायचे. बसवताना मजकूर दोनदा वाचला जाई. २००९ च्या नोव्हेंबरपासून त्यासाठी बटण आले. बटणाला वाचनाची गरज नव्हती.

हीच सहजता व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डमध्ये होती. आलेला संदेश मूळ कोणाचा याची कसलीच खूण त्यावर नसे. तो पाठवणाऱ्या शेजाऱ्याचाच वाटे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश आणि व्हिडिओ २०१८ च्या उन्हाळ्यात देशभर पसरले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने याच संशयावरून ठार मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडूनही मारहाण चालू होती. केंद्र सरकारने दोनच दिवसांत कंपनीला जाब विचारला. १० जुलैला पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ ही खूण दिसू लागली. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली आणि पुढच्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. तेवढ्याने एकूण फॉरवर्ड २५ टक्क्यांनी घटले, असे कंपनीने सांगितले. २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या अफवांच्या काळात, वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले. प्लेटोपासून सोय म्हणजे श्रम वाचवणे असे समीकरण होते. येथे मुद्दाम ठेवलेली अडचण हीच नवी सुधारणा म्हणून जाहीर झाली.

२०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने ‘कम्युनिटीज’ हा विभाग आणला. एकाच शाळेचे किंवा गृहनिर्माण संस्थेचे अनेक गट त्यामुळे एका छत्राखाली आले आणि सूचनांसाठी फक्त अ‍ॅडमिनने लिहायची वेगळी जागा झाली. त्याच सुमारास गटाच्या अ‍ॅडमिनला कोणत्याही सभासदाचा संदेश सर्वांच्या फोनवरून काढून टाकण्याचा अधिकार मिळाला. संदेश गेला तरी त्याची जागा कोरी राहत नाही. तो अ‍ॅडमिनने काढल्याची ओळ, कोणत्या अ‍ॅडमिनने काढला त्या नावासह, तिथे आपोआप उमटते.