आव्हेरोंचा मुलगा आणि आपली बालवाडी

जून महिना लागला की गावोगाव शाळेच्या ओट्यावर तोच देखावा दिसतो. नवे दप्तर सांभाळीत बसलेली मुले, आईचा पदर न सोडणारी मुले, आणि त्यांना गोडीगुलाबीने समजावणारे गुरुजी. चार-आठ दिवसांत बहुतेकांचे रडे थांबते. पण एखाद्या पोराचे तेवढ्यावर निभत नाही. त्याला ऐकू कमी येते, किंवा सांगितलेले चटकन उमगत नाही, किंवा घंटा वाजली की ते कानांवर हात घेऊन कोपऱ्यात जाऊन बसते. मग कोणी तरी म्हणते, "हे काही शाळेत टिकायचं नाही," आणि आई त्याला घेऊन घरी जाते.

श्रोतेहो, अशा मुलाला शाळेत रुळवायचे तर सुरुवात कोठून करावी, या प्रश्नाला फार जुना इतिहास आहे.

१८०० सालच्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों भागात एक मुलगा रानातून वस्तीपाशी आला. वय अकरा-बाराच्या आसपास, अंगावर सदऱ्याच्या चिंध्या, तोंडात एक शब्द नाही. त्याच वर्षी त्याला पॅरिसला आणून बहिऱ्या-मुक्या मुलांच्या सरकारी शाळेत ठेवले. बघ्यांची ही गर्दी झाली! पिनेल नावाचे त्या काळचे मनोविकारांचे नामांकित वैद्य. त्यांनी त्याला तपासले आणि हा उपजत जडबुद्धीचा आहे, सुधारण्याची आशा नाही, असा निर्वाळा दिला. त्या शाळेच्या इतार नावाच्या तरुण डॉक्टरला मात्र ते पटले नाही. त्याने मुलाला हाती घेतले, त्याचे नाव ठेवले व्हिक्टर.

इतारने पहिल्या दिवशी काय शिकवले? काहीच नाही! त्याने पाच उद्दिष्टे ठरविली होती, आणि त्यांतले पहिले असे, की माणसांतले जगणे या मुलाला रानातल्या जगण्यापेक्षा गोड वाटले पाहिजे. म्हणून त्याला हवे तेव्हा झोपू दिले, त्याच्या आवडीचे खाऊ दिले, रानाची ओढ होती म्हणून रोज फिरायला नेले, ऊन पाण्याने न्हाऊ घातले. हे सगळे करणारी बाई होती मादाम गेरँ. ग्रंथ लिहिले इतारने, त्यामुळे नावही त्याचेच झाले. पण मला विचाराल तर त्या मुलाची खरी शाळा त्या बाईच्या स्वयंपाकघरात भरत होती.

व्हिक्टरला दूध फार आवडे. फ्रेंचमध्ये दुधाला जो शब्द आहे त्यात चार अक्षरे. ती सुटी अक्षरे जुळवायला इतारने त्याला शिकवले. पुढे एकदा तो एका ओळखीच्या घरी निघाला, तिथे त्याला दूध मिळत असे. जाताना पठ्ठ्याने आपण होऊन ती चार अक्षरे बरोबर घेतली आणि तिथल्या मेजावर मांडून दाखविली. बोलता न येणाऱ्या पोराने दूध मागितले, बरं का!

दुसरी हकिकत. जेवणाची ताटे मांडणे हे व्हिक्टरचे काम. मादाम गेरँचा नवरा आजारी पडून वारला. त्या दिवशीही व्हिक्टरने नेहमीप्रमाणे त्याचे ताट मांडले. ते पाहून बाईंना रडू कोसळले. मुलाने ते पाहिले, ताट उचलून कपाटात ठेवले, आणि पुन्हा कधी मांडले नाही. याला जडबुद्धी म्हणायचे?

इतारचे सगळेच वागणे वाखाणण्याजोगे नव्हते. मुलाचे आकांडतांडव थांबावे म्हणून एकदा त्याने त्याला उंच खिडकीबाहेर धरले होते. शिवाय व्हिक्टरने बोलावे हा त्याचा हट्ट शेवटपर्यंत पुरा झाला नाही. पाच-सहा वर्षांनी त्याने नाद सोडला. व्हिक्टर मादाम गेरँपाशीच राहिला आणि १८२८ साली वारला.

पण काम वाया गेले नाही. इतारचा शिष्य सेगँ याने मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी हाताने करावयाची साधने बनविली. पुढे रोमच्या डॉक्टर मारिया माँटेसोरी यांनी या दोघांचे ग्रंथ स्वतःच्या हाताने उतरून काढले आणि १९०० च्या सुमारास तशाच मुलांना शिकविले. त्यांतली काही मुले इतर मुलांच्या बरोबरीने परीक्षेत उतरली. लोक थक्क झाले. बाईंना वेगळाच प्रश्न पडला : आपल्या धडधाकट मुलांच्या शाळा इतक्या मागे का? १९०७ साली त्यांनी रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले. ती पद्धत भावनगरला गिजुभाई बधेकांनी उचलली. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातली बालवाडी काढली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीची कल्पना तिथली.

म्हणजे पाहा, आज बालवाडीत पोर लाकडी दट्ट्या खोबणीत बसवते, खरखरीत अक्षरावर बोट फिरवते, त्या साधनांचे मूळ त्या 'न टिकणाऱ्या' मुलांपाशी आहे. साधने सर्वांची झाली, आणि ज्यांच्यासाठी ती निघाली तीच मुले कित्येक ठिकाणी दाराबाहेर राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आता त्यांना जवळच्या शाळेचे दार उघडले आहे. पटावर नाव चढते. पुढचे काम वर्गातले आहे.

ते अवघड आहे खरे. चाळीस पोरांत एकाकडे किती पाहणार? पण पहिल्या पंधरवड्यापुरते थोडे करता येते. शाळा उघडण्याआधी, वर्ग रिकामा असताना, त्याला एकदा आईबरोबर बोलवावे. घंटा दाखवावी, त्याच्याच हाताने हळूच वाजवू द्यावी. बसायची जागा रोज एकच ठेवावी. पहिले काही दिवस तासभरच बसवावे, मग हळूहळू वेळ वाढवावी. आणि घरी त्याला काय आवडते, हे आईला आधी विचारून ठेवावे.