उद्देशिका पाठ झाली, शेजारी कधी कळणार?

२६ नोव्हेंबर आला की शाळाशाळांतून संविधान दिन साजरा होतो. मुले रांगेत उभी राहून उद्देशिका वाचतात, फोटो निघतात, ते व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि कार्यक्रम संपतो. उद्देशिका शाळेत पोहोचली ही लहान गोष्ट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. २००५ साली ई. झेड. खोब्रागडे यांनी नागपूर जिल्हा परिषदेच्या शाळांत तिचे वाचन सुरू केले. राज्य शासनाने संविधान दिन साजरा करण्याचा निर्णय २००८ मध्ये घेतला; केंद्राला त्यासाठी २०१५ उजाडावे लागले. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांच्या परिपाठात उद्देशिका आली. त्यामागे आंबेडकरी कार्यकर्त्यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा आहे.

आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. 'बंधुता' हा शब्द रोज म्हणणाऱ्या मुलाला आपल्यापेक्षा वेगळ्या घरातले, वेगळ्या भाषेचे, वेगळ्या धर्माचे मूल भेटते का? भेटले तर दोघे बरोबरीने बसतात का? आम्ही बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात शाळकरी मुलांसोबत काम करतो. तिथे हा प्रश्न रोज समोर येतो. त्याचे उत्तर शोधायचे तर आपल्याच इतिहासात मागे जावे लागेल.

दार उघडले, पण तरट वेगळेच राहिले

१८५५ साली मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना धर्मग्रंथाला हात लावायची मनाई आहे त्यांचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. वय जेमतेम चौदा. देशात अजून 'नागरिक' नव्हते, सगळे प्रजाच होते. पण प्रश्न विचारणारी नागरिक शाळेत घडली होती. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. इतर मुले शाळा सोडतील या भीतीने मुंबई सरकारने तो नाकारला. शाळा सरकारची, पैसा जनतेचा आणि दारावर पहारा जातीचा!

१९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. आपण तो चवदार तळ्यामुळे लक्षात ठेवतो, पण त्यात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळांचाही उल्लेख होता. पाणी आणि शाळा हे एकाच हक्काचे दोन भाग होते.

मात्र दार उघडणे वेगळे आणि एका बाकावर बसणे वेगळे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण त्या शाळेत ते वेगळ्या तरटावर बसत आणि शिपाई नसला तर तहानलेले राहत. कायद्याने विद्यार्थी आणि व्यवहाराने अस्पृश्य, असे ते शिक्षण होते. म्हणूनच १९१९ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला, तेव्हा तो शिक्षणापुरता नव्हता. १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह काढले. तिथली मुले एकत्र राहत, एकत्र काम करत आणि एका पंगतीत जेवत. नागरिकशास्त्राचे पुस्तक नसताना नागरिकशास्त्र शिकवणारी ती शाळा होती.

बाबासाहेब त्याच्याही पुढे गेले. १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाला त्यांनी कोण्या एका जातीचे महाविद्यालय होऊ दिले नाही. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. जानेवारी १९५० मध्ये, देशाचे कायदामंत्री असताना, ते या विद्यार्थी संसदेत हिंदू कोड बिलावर बोलले. ज्या बिलावरून देश पेटला होता ते तरुण मुलांसमोर ठेवून वाद करायचा, ही त्यांची शिकवण्याची रीत होती. आज शाळेत काय होते? 'हा विषय संवेदनशील आहे' म्हणून प्रश्नच वर्गाबाहेर ठेवला जातो.

ओडिया येते, सिंधी येत नाही

इतर संस्कृतींची ओळख शाळांत आहेच, असे कोणी म्हणेल. आहे. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' या योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावली आहे. मुले ओडिया वाक्ये शिकतात, नृत्य बसवतात. त्यात वाईट काही नाही. साने गुरुजींनी १९४९ मध्ये आंतरभारतीची कल्पना मांडली, तीही प्रांताप्रांतांची मने जोडण्यासाठीच. पण दूरच्या संस्कृतीचे कौतुक स्वस्त पडते. तिच्याशी घराच्या भाड्याचा, नळाच्या पाण्याचा, लग्नाच्या स्थळाचा संबंध येत नाही. कस लागतो तो शेजाऱ्याशी.

बदलापूरहून कल्याणकडे जाणारी लोकल धरली की अंबरनाथनंतर उल्हासनगर येते. दोनच स्टेशने. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून वसवले गेले. बराकींत कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले.

आता दुसरी तारीख पाहा. त्यानंतर दोनच दिवसांनी, १० ऑगस्ट १९४९ रोजी, बाबासाहेबांनी संविधान सभेत नागरिकत्वाची कलमे चर्चेला मांडली. या कलमांनी मसुदा समितीला सर्वांत जास्त डोकेदुखी दिली, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. पाकिस्तानातून आलेल्या माणसाला भारताचा नागरिक कधी मानायचे, हा त्यातला मोठा पेच होता. कलम ६ ने उत्तर दिले: तो स्वतः, त्याचे आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणी अखंड भारतात जन्मलेले असावे; १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथे राहत असेल तर तो नागरिक, नंतर आला असेल तर अर्ज करून नोंदणी. पंजाबराव देशमुखांनी हिंदू आणि शीख असा धर्माचा निकष सुचवला होता. तो स्वीकारला गेला नाही. कलम ६ मध्ये धर्माचे नाव नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात मात्र सहा धर्मांची नावे आहेत. त्यात बौद्धांचेही आहे म्हणून आपण गप्प बसायचे का, हा प्रश्न दहावीच्या मुलांनी चर्चेला घ्यावा असाच आहे.

आणखी एक गोष्ट. संविधान २६ जानेवारी १९५० ला अमलात आले हे सगळ्यांना पाठ असते. पण नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली. म्हणजे ज्या दिवशी आपण संविधान दिन करतो, त्याच दिवशी उल्हासनगरच्या बराकींतली माणसे संविधानाने भारताची नागरिक झाली. संविधान दिनाला आपली मुले तिथे का जात नाहीत?

'त्यांचा आपला काय संबंध?'

काही कार्यकर्ते विचारतात, आधी आपल्या मुलांना आपला इतिहास कळू द्या, सिंध्यांचा कशाला? आम्ही म्हणतो, हा आपलाच इतिहास आहे. फाळणीनंतर पाकिस्तानातल्या दलितांना भारतात येऊ दिले जात नव्हते. ते गेले तर शहरांची सफाई कोण करणार, म्हणून त्यांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली अडकवून ठेवले. बाबासाहेबांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहून त्यांना बाहेर काढण्याची मागणी केली. सीमा ओलांडतानाही जात आडवी आली. उल्हासनगरला कोण पोहोचले आणि कोण पोहोचू शकले नाही, हे विचारले की फाळणीचा धडा पुस्तकापेक्षा वेगळा दिसू लागतो.

दुसरी बाजूही आहे. सिंधीला राज्य नाही, तरी १९६७ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत झगडावे लागले. दोन्ही समाजांनी संविधानाकडे मागणे मागितले आणि मिळवले. एका बाकावर बसून दोन मुलांनी हे एकमेकांना सांगितले, तर उद्देशिकेतल्या 'आम्ही'चा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

करायचे काय?

७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस आणि २६ नोव्हेंबरचा संविधान दिन यांत एकोणीस दिवस आहेत. या दिवसांत प्रत्येक वस्तीत मुलांची संसद भरवा. विषय मुलांनाच निवडू द्या. सातवी ते दहावीची मुले उल्हासनगरला न्या. तिथल्या वृद्धांना विचारू द्या: काय सोडून आलात, पहिला कागद कोणता मिळाला, शाळा कुठल्या भाषेत शिकलात? आणि तिथल्या मुलांना आपल्या विहारात बोलवा. त्यांनी आपल्याला प्रश्न विचारावेत, अवघड प्रश्नही.

पालकांचेही काम आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. ती जागा मागा. पुढच्या संविधान दिनाला शाळेत वाचनाबरोबर भेटही झाली पाहिजे, हे त्या बैठकीत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

मुक्ता साळवेला प्रश्न विचारायला कोणी कार्यक्रम आखून दिला नव्हता. आपल्या मुलांना निदान प्रश्न विचारण्याची जागा तरी द्या.

जय भीम! जय संविधान!