प्रारंभवाचक वाक्प्रचारांचा माग : प्रस्तावना

मराठीत कामाचा ‘श्रीगणेशा’ होतो, संस्थेची ‘मुहूर्तमेढ’ रोवली जाते आणि केलेले सारे वाया जाऊन मुळाशी यावे लागले की ‘पहिले पाढे पंचावन्न’ होतात. जुन्या शाळेत मुलांची अक्षरओळख ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाने होई. मुलांच्या तोंडी त्याचे ‘ओनामासीधं’ झाले. पुढे नुसता ‘ओनामा’ उरला. मंगलवचन विसरले गेले, प्रारंभाचा अर्थ मात्र टिकला. अशा शब्दांमागची शाळा, मांडव आणि पाठांतर शोधणे हा या पुस्तकाचा विषय आहे.

हा शोध रंजक असतो, म्हणूनच त्यात फसगतही लवकर होते. इंग्रजीतले ‘बॅक टू स्क्वेअर वन’ पाहा. २२ जानेवारी १९२७ रोजी बीबीसीने आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या फुटबॉल सामन्याचे समालोचन प्रसारित केले. श्रोत्यांसाठी मैदानाचा आठ चौकोनांत विभागलेला नकाशा छापला होता. वाक्प्रचार त्यातूनच आला, असे पुष्कळजण सांगतात. पण गोल झाल्यावर खेळ मैदानाच्या मध्यातून सुरू होतो, पहिल्या चौकोनातून नव्हे. शिवाय ऑक्सफर्डच्या कोशाने दिलेला जुना दाखला १९५२चा, एका अर्थशास्त्रीय नियतकालिकातला आहे, आणि त्यात उल्लेख आहे तो सापशिडीचा! भारतातून इंग्लंडात गेलेल्या पटाकडे हा दाखला बोट दाखवतो.

कथा कितीही गोड असली, तरी दाखल्याची तारीख आधी विचारावी, ही शिस्त शिकण्याची उत्तम जागा पुण्यात येरवड्याला आहे. १८२१च्या संस्कृत पाठशाळेपासून परंपरा सांगणारे डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८मध्ये तेथे ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोशाचे काम हाती घेतले गेले. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द आणि तो कुठे आला याचा संदर्भ. १९७६पासून खंड निघत आहेत, आणि पस्तीस खंडांनंतरही काम ‘अ’ या अक्षरातच आहे. शब्दाचा इतिहास लिहायला किती धीर लागतो, हे यावरून कळते.

मराठीपुरते आपल्या हाताशी मोल्सवर्थचा कोश (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ आहे. पण कोशांत न आलेले पुष्कळ काही बखरींत, जुन्या पत्रांत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आहे. या क्षेत्रात येण्यासाठी पदवीची अट नाही. एखादा वाक्प्रचार कानावर पडला, की तो कोण, कुठे, कोणत्या प्रसंगी बोलले ते तारखेसह टिपून ठेवा. अर्थाचा तर्क मागाहून करता येईल. न टिपलेला दाखला मात्र पुन्हा मिळत नाही. या कामात तुमचे मनापासून स्वागत आहे.