वाट करून देणारी चकती

विजेच्या दाबाची उसळी थोपवायची कशी, असं लोक विचारतात. आम्ही म्हणतो, उसळी थोपवत नाहीत. तिला जमिनीकडे वाट करून देतात. पूर्वी तारांजवळ नुसती फट ठेवीत. दाब वाढला की ठिणगी पडून वीज जमिनीत जाई. पंचाईत अशी, की उसळी ओसरली तरी नेहमीचा प्रवाह त्याच ठिणगीतून वाहत राही! म्हणून फटीच्या जोडीला सिलिकॉन कार्बाइडच्या चकत्या आल्या.

1971 साली जपानच्या मात्सुशिता कंपनीतल्या मिचिओ मात्सुओका यांचा जस्ताच्या ऑक्साइडवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात थोडं बिस्मथ ऑक्साइड वगैरे मिसळून चकती भाजली, की कणांच्या सीमा नेहमीच्या दाबाला अडवतात, ठरावीक दाबापलीकडे एकदम खुल्या होतात. फटीची गरजच उरली नाही.

आपल्या 230 व्होल्टचं शिखर सुमारे 325 असतं. चकती त्याच्या वर जागी होते. मात्र प्रत्येक मोठी उसळी तिला झिजवते. आमचा एक्स्टेन्शन बोर्ड चालू होता, म्हणून आम्ही निर्धास्त. टीव्ही गेला तेव्हा बोर्ड उघडला. आतली चकती काळीठिक्कर, आणि अर्थिंगची तार कुठे जोडलेलीच नव्हती.