देवनहळ्ळीची थ्री-फिफ्टीन

बंगळूरच्या पोस्टिंगमध्ये मोकळा रविवार मिळाला की मी देवनहळ्ळी गाठतो. सगळी गर्दी विमानतळाकडे वळते, आपण सरळ पुढे जायचे. टिपू सुलतानाच्या या जन्मगावी किल्ल्याच्या तटावर निवांत बसता येते.

तिथल्याच एका द्राक्षबागायतदार आजोबांशी ओळख झाली. मी फौजी आहे म्हटल्यावर त्यांनी घरातली परवान्याची जुनी रायफल दाखवली. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, मग परत येते. बाकी तिला काम नाही. आजोबांच्या डोक्यात मिलिटरी म्हणजे अजून थ्री-नॉट-थ्रीच. म्हणाले, "सार, तुमची थ्री-नॉट-थ्री आणि माझी ही थ्री-फिफ्टीन, दोन्ही सारख्याच दिसतात. मग तुमची गोळी माझ्या रायफलीत का चालत नाही?"

चालू नये म्हणूनच ती तशी केली, हे त्याचे उत्तर.

हा किल्ला 1791 मध्ये कॉर्नवॉलिसच्या हाती गेला. त्याच युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांची फौजही म्हैसूरवर चालून आली होती. तेव्हा बंदुकीत दारू आणि शिशाची गोळी ठासून भरत. शिसे वितळवून साच्यात ओतले की आपल्या नळीच्या मापाची गोळी तयार. शत्रूकडून लुटलेले शिसे आणि दारू आपल्यालाही चाले. पितळी काडतूस आले आणि हे संपले. खोका चेंबरमध्ये बसला नाही, तर रायफल म्हणजे नुसती काठी.

सरकारला हे सोयीचेच होते. 1857 ची धास्ती होती, त्यातून 1878 चा हत्यारांचा कायदा आला. ब्रिटिश फौजेने 1888 मध्ये .303 घेतली. लष्करातून चोरलेल्या गोळ्या खाजगी रायफलीत चालू नयेत, म्हणून पुढे हिंदुस्थानात खाजगी लोकांना लष्करी बोअर बंद झाला. मग बीएसए कंपनीने तीच ली बनावटीची रायफल .315 मध्ये करून दिली. काडतूस घेतले ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे, 8 मिलिमीटर मॅनलिखर. (बंगळूरचे शिकारी केनेथ अँडरसन अमेरिकन .405 विंचेस्टर वापरत, पण ती चैन सगळ्यांना कुठली!)

फरक थोड्या मिलिमीटरांचा आहे. .303 चा खोका 56 मिलिमीटर लांब, .315 चा 50, पण बुडाशी जाड. त्यामुळे एकाचे काडतूस दुसऱ्याच्या चेंबरमध्ये बसत नाही. .303 मार्क सेव्हनची गोळी 174 ग्रेनची, टोकदार, सेकंदाला सुमारे 2440 फूट जाणारी. .315 ची 244 ग्रेनची, बोथट आणि संथ. तीनशे यार्डांवर ग्रुपिंग घ्यायचे तर मी डोळे मिटून .303 उचलेन. झाडीत पन्नास पावलांवर रानडुक्कर असेल तर .315 कमी पडत नाही. तिच्या गोळीचे टोक मऊ असते, आत जाऊन पसरते. कलकत्त्याजवळच्या डमडमला अशीच गोळी .303 साठी बनली आणि 1899 च्या हेग परिषदेत युद्धात निषिद्ध ठरली. शिकारीत मात्र तीच हवी, नाहीतर जनावर जखमी होऊन दिवसभर तडफडते.

स्वातंत्र्यानंतरही कुंपण तेच राहिले. 1959 चा कायदा आणि 1962 चे नियम यांनी .303 आणि 7.62 दोन्ही सामान्य माणसासाठी बंद ठेवले. नागरिकांसाठी .315 आपल्याच सरकारी कारखान्यांत बनू लागली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, काडतूस उरले. ते गेले कुठे? उत्तर प्रदेश-बिहारमधला देशी कट्टा बहुधा .315 चाच असतो. बंडखोरांच्या हाती गोळी लागू नये म्हणून निवडलेला बोअर गुंडांच्या कामी आला, हे कुठल्या साहेबाने मनात आणले असेल?

आजोबांनी डब्यातून एक काडतूस काढून दिले. बुडावर शिक्का होता: 8 एमएम, केएफ. मी सांगितले, केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, पुण्याजवळची आमची खडकी. कारखाना 1869 चा.

"तुमच्या गावापासून लांब आहे, सार?"

"दीड तास," मी म्हणालो, "पुण्यात ट्रॅफिक नसेल तर."