अजगराची मादी खुडूक बसते का?

मंडळी, कोंबडी खुडूक बसली म्हणजे काय होतं, हे ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांना सांगायला नको. दाणे टाकले तरी उठत नाही, हात पुढे केला तर टोचते, आणि पोटाखाली बोट गेलंच तर चांगली ऊब लागते. आज आपण विचारणार आहोत की अजगराची मादी अशी खुडूक बसते का. प्रश्न गमतीचा वाटेल, पण युरोप-अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी या प्रश्नावर सव्वाशेहून जास्त वर्षं घालवली. पिंजऱ्यातल्या मोठ्या अजगरांच्या विणीचा इतिहास बराचसा या एका वादाचाच इतिहास आहे.

वादाचं मूळ आपल्याकडचं आहे. लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी बंगालकडे नमुने आणि वस्तू गोळा करत फिरला होता. परत गेल्यावर, १८३०च्या दशकात, त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं की भारतातला मोठा अजगर अंड्यांभोवती वेटोळं घालून बसतो आणि स्वतःच्या अंगाच्या उबेनं ती उबवतो. अकादमीत सापांच्या बाबतीत शब्द चालायचा तो दुमेरील यांचा, आणि त्यांनी हे साफ नाकारलं. त्यांना आपण लगेच हसू नये. साप शीतरक्ती, त्याचं अंग आजूबाजूच्या हवेइतकंच गरम. मग तो अंड्यांना ऊब देणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तर्कात खोट नव्हती. खोट होती ती 'आडात नाही' हे तपासून न पाहण्यात.

तपासायची वेळ आली ती दुमेरील ज्या संस्थेत होते तिथेच. १८४१ साली पॅरिसच्या जार्दां दे प्लांतमधल्या एका अजगराच्या मादीनं ६ मे रोजी १५ अंडी घातली. ही मादी आज आपण ज्याला बर्मी अजगर म्हणतो त्या जातीची. भारतीय अजगराची ती सख्खी भावंडं; परवापरवापर्यंत दोन्ही एकच जात मानली जात होती. तिनं अंड्यांचा ढीग केला, त्याभोवती वेटोळी रचली आणि वर डोकं ठेवलं. अन्नाला तोंड लावेना, पाणी मात्र प्यायची. पिंजऱ्यात तिच्यावर लोकरीचं ब्लँकेट होतं. व्हालांसिएन्न या प्राणिशास्त्रज्ञांनी वेटोळ्यांच्या मधे थर्मामीटर सरकवून रोजच्या नोंदी ठेवल्या. मादीचं अंग हवेपेक्षा स्पष्ट गरम लागत होतं. जुलैच्या सुरुवातीला अंडी फुटायला लागली आणि आठ पिल्लं बाहेर आली.

आम्हाला या गोष्टीत आवडतं ते पुढचं. १८४४ साली दुमेरील यांच्या सरपटणाऱ्या प्राण्यांवरच्या महाग्रंथाचा सहावा खंड निघाला, त्यात ही हकिगत सविस्तर छापली आहे. ज्यानं नाकारलं त्याच्याच पुस्तकात पुरावा आला. असं दर वेळी होत नाही.

पण वाद मिटला का? नाही. शंका घेणारे म्हणाले, ब्लँकेट होतं ना, पिंजरा खालून तापवलेला होता ना, मग ऊब तिचीच कशावरून? याला तेव्हा उत्तर नव्हतं.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं १८४९ मध्ये सापांसाठी खास इमारत उघडली होती, काचेची दारं आणि बघ्यांची झुंबड. (इथेच एका मोठ्या सापानं पिंजऱ्यातलं ब्लँकेट गिळलं आणि काही आठवड्यांनी परत टाकलं. म्हणजे ब्लँकेटचा त्रास दोन्हीकडून.) १८६२च्या जानेवारीत तिथल्या आफ्रिकी अजगराच्या मादीनं शंभराच्या आसपास अंडी घातली. संस्थेचे सचिव स्क्लेटर यांनी मादीच्या आणि शेजारच्या नराच्या तापमानाची तुलना केली. मादी जास्त गरम निघाली. पण अंडी कुजली, एकही पिल्लू जगलं नाही. १८८१ मध्ये लंडनलाच फोर्ब्स यांनी भारतीय अजगरावर मोजमाप केलं तर फरक अगदी थोडा. १९३२ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या मोजमापात मात्र तीन-चार अंशांचा फरक आला. नव्वद वर्षांत आकड्यांची भर पडली, निकाल मात्र नाही.

निकाल लागला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात. हचिसन, डाउलिंग आणि व्हिनेगर (हो, आडनाव खरंच व्हिनेगर) या तिघांनी अंड्यांवर बसलेली बर्मी अजगराची मादी अशा ठिकाणी ठेवली की हवेचं तापमान आपल्या हातात राहील आणि ती किती प्राणवायू घेते तेही मोजता येईल. एरवी सापाचं काय होतं? हवा गार झाली की तोही मंदावतो, प्राणवायू कमी लागतो. इथे उलटं झालं. तापमान उतरवत नेलं तसे मादीच्या अंगाला झटके यायला लागले, आणि गारठा वाढला तसे ते भरभर येऊ लागले. साडेपंचवीस अंशांना ती अंड्यांवर न बसलेल्या मादीच्या नऊपटींहून जास्त प्राणवायू जाळत होती, आणि तिचं अंग हवेपेक्षा ४.७ अंशांपर्यंत गरम राहत होतं. त्याहून गार केल्यावर तिचा निभाव लागेना. हे १९६६ साली प्रसिद्ध झालं.

म्हणजे बघा, आपल्याला थंडीत हुडहुडी भरते ना, तेच. फक्त इथे हुडहुडी दुसऱ्यासाठी, आणि तीही उपाशीपोटी, दोन-दोन महिने.

त्याच गटानं इतर जातींचे अजगरही तपासले आणि त्यांच्यात ही हुडहुडी सापडली नाही. अंड्यांभोवती वेटोळं घालून बसायचं सगळ्यांनी, पण स्वतःची ऊब निर्माण करायची ती मोजक्यांनी. लंडनची मादी आफ्रिकी होती हे इथे आठवा. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, तिच्या जवळच्या जातीवर जंगलात अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की तिथली मादी बिळातून बाहेर येऊन उन्हात अंग तापवते आणि ती ऊब आत अंड्यांपर्यंत नेते. एकोणिसाव्या शतकातले लोक वेगवेगळ्या जातींच्या आकड्यांवरून एकच भांडण भांडत होते, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

व्हिनेगर यांनी पुढे अंडी निरनिराळ्या तापमानांना ठेवून पाहिली. तीस-एकतीस अंशांना पिल्लं नीट निपजली; काही अंशांनी घसरलं की व्यंग असलेली किंवा मेलेली. मादीच्या चार अंशांचा अर्थ तेव्हा लागला. आणि गंमत अशी की हे कळल्यामुळेच मादीची गरज संपली. तीस अंश तर इनक्युबेटरही देतो! प्राणिसंग्रहालयांत अंडी घातल्याबरोबर काढून पेटीत ठेवायची पद्धत रुळली. पिल्लं जास्त जगतात, हे मान्य. पण आता बघायला येणाऱ्या मुलाला काचेपलीकडे दिसतो तो फक्त सुस्त पडलेला अजगर, आणि आपल्या भाषेतही अजगर म्हणजे आळशी माणूस. आम्हाला हा सौदा तोट्याचा वाटतो.

पेटीनं एक वेगळी गोष्टही उघड केली. अमेरिकेतल्या लुईव्हिल प्राणिसंग्रहालयात थेल्मा नावाची जाळीदार अजगराची मादी होती, सुमारे वीस फूट लांब, नराशी कधी संबंध न आलेली. २०१२ मध्ये तिनं ६१ अंडी घातली. अशी अंडी एरवी टाकूनच देतात. त्यांतून सहा पिल्लं निघाली, सगळ्या माद्या, आणि जनुकीय तपासणीत बाप कुणीच नाही असं ठरलं.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय अजगर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला पकडणं किंवा पाळणं गुन्हा. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेवमध्ये तो साळिंदरांच्या बिळांत राहतो आणि वीण करतो, त्याचा चांगला अभ्यास झाला आहे. पण शेतात, उसाच्या फडात मादी अंड्यांवर बसलेली सापडली की आपण काय करतो? मादीला पोत्यात घालून दूर सोडतो, आणि अंडी माती-भुशाच्या पेटीत ठेवून फुटण्याची वाट बघतो. सर्पमित्रांचा हेतू चांगलाच असतो, पिल्लंही निघतात, फोटो येतो. पण अंड्यांभोवती वेटोळं घातलेली ती मादी हीच तिथली उबवणपेटी असते, हे वनखात्याला सांगून दोन महिने तेवढा कोपरा राखता आला तर आधी तसं करून पाहावं. ऊसतोड तोंडावर असेल तर प्रश्न वेगळा. तिथे पेटीच लागेल, आणि पेटीत थर्मामीटर.